पहिलं पॅकिंग मशीन चीनहून मागवतोय: माल निघण्याआधी कस्टम्सची तयारी कुठवर करावी?

मसाला_कागल

नमस्कार मंडळी. कागल एमआयडीसीत आमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. निंगबोच्या पुरवठादाराकडून पाउच पॅकिंग मशीन घ्यायचं जवळजवळ ठरलंय. ऑगर फिलर (स्क्रूने भुकटी मोजून भरणारा भाग), भरणीचा कन्व्हेयर आणि थोडे स्पेअर असं सगळं मिळून येईल. न्हावा शेवाला उतरवायचा विचार आहे. पुरवठादार सीआयएफ भाव (भाडं आणि विमा धरून इथल्या बंदरापर्यंतचा) देतोय आणि इन्व्हॉइसवर किंमत हवी ती लिहून देतो असंही म्हणतोय. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) दोन वर्षांपूर्वी काढलाय, अजून वापरलेला नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ड्यूटी नेमकी किती बसेल? आम्ही स्वतः काय बघायचं आणि कस्टम्स ब्रोकरवर काय सोडायचं? आणि पुढे कांदा-लसूण मसाला दुबईला पाठवायचा आहे, त्याचा या खरेदीशी काही संबंध लागतो का?

न्हावाशेवा_डेस्क

सगळ्यात आधी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर तुमचा आयईसी 'अॅक्टिव्ह' दिसतोय का ते बघा. काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसी ऑनलाइन अपडेट करावा लागतो. ते राहून गेलं तर तो निष्क्रिय होतो आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, सिस्टिम घेतच नाही. जहाज बंदरात उभं असताना हे लक्षात येण्यापेक्षा आज बघितलेलं बरं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन त्याची आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदणी करून ठेवा.

किंमत 'हवी ती लिहून देतो' याला आत्ताच, आणि ईमेलवर लेखी, नाही म्हणा. बँकेतून गेलेला पैसा आणि बिल ऑफ एंट्रीवरची रक्कम आरबीआयच्या प्रणालीत एकमेकांशी जुळवली जाते. कमी किंमत दाखवलीत तर उरलेली रक्कम बँकेच्या खात्यात उघडी राहते आणि विचारणा तुम्हालाच होते. कस्टम्सकडे त्याच काळात आलेल्या तशाच मालाच्या किमती असतात. शंका आली की मूल्यांकन नियमांच्या नियम १२ खाली खुलासा मागतात. जाणूनबुजून केलेलं सिद्ध झालं तर कलम २८ खाली ५ वर्षं मागे जाऊन वसुली होते, त्यावर व्याज, दंड आणि माल सोडवायचा वेगळा दंड. चारपाच टक्के वाचवण्यासाठी एवढं डोक्यावर घेऊ नका.

आता ब्रोकरवर काय सोडायचं. बिल भरणं, ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर) कागद चढवणं, क्वेरीला उत्तर देणं, सीएफएसमधली (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातली) तपासणी ही त्याची कामं. पण मालाचं वर्णन, किंमत आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) यांची घोषणा कायद्याने आयातदाराची असते. ब्रोकर तुमच्या कागदावर जे आहे तेच उचलतो. म्हणून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (ऑर्डरआधीचं कच्चं बिल) आला की ऑर्डर पक्की करण्याआधी ब्रोकरला दाखवा. बहुतेक जण बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती) हातात आल्यावर ब्रोकर शोधतात. तोवर इन्व्हॉइस छापून झालेलं असतं आणि दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

जोडपत्र

वर्णनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

चिनी पुरवठादाराचं इन्व्हॉइस साधारण असं असतं: 'पॅकिंग मशीन, १ सेट'. बस. २०२० पासून मूल्यनिर्धारण फेसलेस झालंय. माल न्हावा शेवाला असला तरी तुमचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. त्याच्यासमोर मशीन नसतं, फक्त कागद असतो. 'एक सेट' वाचून सेटमध्ये काय आहे हे त्याने ओळखायचं कसं? मग क्वेरी येते, कॅटलॉग मागतात, कधी आधी तपासणी करून घ्या असा आदेश होतो. त्यात दिवस जातात.

इन्व्हॉइसवर असं लिहून घ्या: 'पाउच तयार करून भरणारं व सील करणारं मशीन, ऑगर फिलरसह, नवीन, मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक, उत्पादन वर्ष, व्होल्टेज, किलोवॅट, १ नग, दर'. पुढच्या ओळीत कन्व्हेयर, त्याचं मॉडेल आणि त्याची किंमत. त्याखाली प्रत्येक स्पेअर वेगळ्या ओळीत, नगासह. मशीनवरच्या नेमप्लेटचा फोटो मशीन क्रेटमध्ये बंद करण्याआधी मागवा आणि इन्व्हॉइसच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. प्लेटवर मॉडेलच्या शेवटी एखादं जादा अक्षर असतं, इन्व्हॉइसवर नसतं. तपासणीत अधिकारी प्लेट वाचूनच अहवाल लिहितो आणि तेवढ्या फरकावरही बिल अडकतं.

कोडचं म्हणाल तर पॅकिंग मशिनरी ८४२२ मध्ये येते. भरणं आणि सील करणं हे मुख्य काम असेल तर ८४२२ ३०, इतर पॅकिंग-रॅपिंग असेल तर ८४२२ ४०. दर सारखाच आहे, पण मशीन खरोखर काय करतं ते बघून एक ठरवा आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तोच ठेवा. कन्व्हेयर एकटा आला तर तो ८४२८ मध्ये जातो. पण तो, फिलर आणि मशीन मिळून एकच ठरलेलं काम करत असतील आणि एकाच खेपेत येत असतील, तर कस्टम्स टॅरिफच्या सोळाव्या विभागाच्या टीप ४ प्रमाणे सगळी लाइन ८४२२ मध्ये मागता येते. त्यासाठी जोडणीचा आराखडा आणि पानभर तांत्रिक टिपण कागदांसोबत चढवा.

कोडबद्दल खरोखरच मोठा वाद असेल आणि पुढे बऱ्याच खेपा येणार असतील, तर मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे १०,००० रुपये शुल्क भरून निर्णय मागता येतो. एका मशीनसाठी मात्र त्याची गरज नाही.

ताळेबंद

आकडे मांडतो. ८४२२ ला मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे शुल्काच्या १० टक्के, मालाच्या नव्हे. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. सीआयएफ किंमत १०,००,००० रुपये धरली तर:

मूळ शुल्क ७५,०००. अधिभार ७,५००. आयजीएसटी १०,८२,५०० वर १८ टक्के, म्हणजे १,९४,८५०. एकूण भरणा २,७७,३५०, सीआयएफच्या २७.७३५ टक्के.

यातले १,९४,८५० जीएसटीच्या क्रेडिटला (पुढच्या करातून वळते) मिळतात. ८२,५०० मशीनच्या किमतीत मिळवायचे, ते परत येत नाहीत. बिल ऑफ एंट्रीवर जीएसटीआयएन बरोबर पडला तरच आयजीएसटी २बी मध्ये (जीएसटीच्या क्रेडिटच्या तक्त्यात) दिसतो. दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसचा नंबर पडला आणि मशीन कागलला बसलं, असले घोळ फार होतात. शुल्क भरायला आइसगेटवरच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये पैसे आधी टाकून ठेवावे लागतात. ते काम शेवटच्या क्षणावर ठेवू नका. मुदतीनंतर १५ टक्क्यांनी व्याज चालू होतं.

डॉलरचा दर बँकेचा लागत नाही, कस्टम्स जाहीर करतं तो लागतो. शुल्काचा दर मात्र बिल भरल्याची तारीख किंवा जहाजाला आत यायची परवानगी मिळाल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिचा. अर्थसंकल्पाच्या आसपास माल येणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

भाडं आणि विमा. एफओबी भावाने (भाडं-विमा न धरता, तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या भावाने) घेतलंत आणि विम्याचा कागद नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के विमा धरतात. भाड्याचा कागद नसेल तर थेट २० टक्के. खरं समुद्रभाडं आणि खरा विमा यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणून फॉरवर्डरचं (माल वाहून आणायची व्यवस्था करणाऱ्या एजंटचं) भाड्याचं बिल आणि मरीन पॉलिसी दोन्ही कागदांत हवेतच.

आणखी एक. मशीन बसवायला चिनी इंजिनिअर येणार असेल तर त्याचा खर्च मशीनच्या किमतीत मिसळू देऊ नका. आयातीनंतरच्या उभारणीचा खर्च कागदावर वेगळा दाखवलेला असेल तर तो मूल्यात धरत नाहीत. एकत्र लिहिला की त्यावरही शुल्क बसतं.

सीलबंद

सीआयएफबद्दल सावध करतो. एकटं मशीन म्हणजे बहुधा एलसीएल, दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये. सीआयएफमध्ये फॉरवर्डर पुरवठादाराने निवडलेला असतो. तो चीनमध्ये भाडं नाममात्र लावतो आणि इथल्या त्याच्या एजंटमार्फत डीओ (माल सोडायचा आदेश) चार्ज, डी-कन्सोलिडेशन (सामायिक कंटेनरमधला माल वेगळा करणं), हँडलिंग अशा नावांखाली तुमच्याकडून वसूल करतो. माल त्याच्या ताब्यात असल्यामुळे तुम्हाला बोलायला जागाच राहत नाही. एफओबी निंगबो घ्या, फॉरवर्डर इथला तुम्ही ठरवा आणि न्हावा शेवाचे सगळे चार्ज लेखी कोटेशनमध्ये मागा. तरीही सीआयएफच घ्यायचं असेल तर इथल्या खर्चाची यादी ऑर्डरच्या आधी मागवून घ्या.

वेळेचं गणित: माल पोचतो त्याच्या आदल्या दिवशी रात्रीपर्यंत बिल ऑफ एंट्री भरलेलं असायला हवं, सुट्टी धरून. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. पाच दिवसांचा उशीर म्हणजे ३५,०००, आणि त्यात सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागाभाडं) किंवा कंटेनरचं डिटेन्शन (तो उशिरा परत केल्याचा आकार) धरलेलंच नाही. बिल ३० दिवस आधी भरता येतं, मग कशाला थांबायचं? बीएलचा मसुदा आला की कंपनीचं नाव आयईसीवर आहे तसंच आहे का, आयईसी, जीएसटीआयएन, वजन, नगांची संख्या बरोबर आहे का, हे त्याच दिवशी तपासा. जहाज निघाल्यावर चूक सापडली तर लाइनकडून (जहाज कंपनीकडून) मॅनिफेस्टची, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीची, दुरुस्ती करून घ्यावी लागते, त्याचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

शेवटचा हप्ता देताना टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडायची सूचना) मागा. मूळ बीएल कुरिअरने यायचं ठरलं आणि ते वाटेत रखडलं तर डीओ मिळत नाही.

जोडपत्र

लाकडी क्रेटचं राहिलं. मशीन लाकडी पेटीत येणार हे धरून चाला. लाकूड आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे प्रक्रिया केलेलं हवं आणि तसा शिक्का पेटीवर हवा: गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, शेजारी आयपीपीसी, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि एचटी किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइडची धुरी). एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला. शिक्का पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना असावा. पेटीचा फोटो मागवा, पण आतल्या आधाराच्या ठोकळ्यांचाही मागवा. बाहेरची पेटी शिक्क्याची आणि आत मशीनखाली कच्च्या लाकडाचे ओंडके, हा प्रकार नेहमीचा आहे. प्लायवूडला हा नियम लागत नाही, त्यामुळे जमत असेल तर सरळ प्लायवूडची पेटी मागा.

पेटीत 'फुकट' काय येतंय तेही विचारा. नमुन्याचे फिल्म रोल, टूल बॉक्स, जादा हीटर, बेल्ट. फुकट दिलं तरी कस्टम्ससाठी किंमत असतेच. इन्व्हॉइसवर नसलेली वस्तू पेटीत सापडली की ती अघोषित माल ठरते. मशीनसोबत रीतीप्रमाणे द्यावेच लागणारे आणि वेगळे पैसे न लावलेले सुटे भाग मशीनच्याच दराने जाऊ शकतात, १९६३ चे तसे नियम आहेत. फिल्म रोल मात्र त्यात बसत नाहीत, ते प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात जातील. नको असतील तर घेऊच नका.

टचस्क्रीन पॅनेलमध्ये वायफाय किंवा ब्लूटूथ आहे का ते विचारा. असेल तर डब्ल्यूपीसीच्या ईटीएचा (वायरलेस उपकरणाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा) प्रश्न येतो. मसाल्याच्या मशीनला वायफाय लागत नाही, मॉड्यूल नसलेलं पॅनेल लिहून मागा. तसंच वेगळा चेकवेयर (पाकिटाचं वजन तपासणारं यंत्र) किंवा वजनकाटा ऑर्डरमध्ये घालू नका. वजनमापं आयात करायला वैधमापन कायद्याखाली आयातदार म्हणून नोंदणी लागते आणि काट्याच्या मॉडेलला मान्यताही. काटा इथे कोल्हापुरात शिक्का मारलेला मिळतो.

यंत्रांच्या सुरक्षेचा आदेश २०२४ मध्ये निघाला आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. तुमचं मशीन ज्या तारखेला निघेल त्या तारखेची स्थिती ब्रोकरकडून लेखी घ्या, फोनवर नको.

पुणे_टूलरूम

मध्येच विचारतो. असंच मशीन वापरलेलं निम्म्या किमतीत मिळतंय. त्याला काही अडचण?

न्हावाशेवा_डेस्क

जुनी यंत्रं आणता येतात, पण काम वाढतं. चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं: उत्पादन वर्ष, नवीन असतानाची किंमत, आजची स्थिती, उरलेलं आयुष्य. परदेशातून आणलेलं प्रमाणपत्र मान्य झालं नाही तर इथे बंदरावर पुन्हा तपासणी होते. तुम्ही दिलेली किंमत आणि इंजिनिअरने धरलेली किंमत यांत तफावत आली की मूल्य वाढवलं जातं आणि शुल्क त्यावर लागतं. हे होईतो माल सीएफएसमध्ये भाडं खात पडतो. शिवाय 'नवीन' लिहून जुनं पाठवलं तर ते सरळ खोटं वर्णन ठरतं. निम्मी किंमत हातात निम्मी राहत नाही, एवढं धरून हिशेब करा.

मसाला_कागल

सगळ्यांचे आभार. एफओबीवर बोलणी वळवतो आणि वायफायचं पॅनेल काढायला सांगतो. आता निर्यातीचं सांगाल का? आमच्या मसाल्यावर जीएसटी ५ टक्के आणि मशीनचं क्रेडिट १८ टक्क्यांचं, ते साठून राहील अशी भीती आहे.

ताळेबंद

भीती खरी आहे. कच्चा माल जादा दराचा आणि पक्का माल कमी दराचा असेल तेव्हा जो परतावा मिळतो त्यात भांडवली वस्तूंचं क्रेडिट धरत नाहीत. एलयूटीवर (हमीपत्रावर) कर न भरता निर्यात केलीत तरी परताव्याच्या सूत्रात ते येत नाही. पण आयजीएसटी भरून निर्यात केलीत तर तो कर तुम्ही मशीनच्या क्रेडिटमधून भरू शकता आणि भरलेला कर परत मिळतो. साठलेलं क्रेडिट रोखीत आणायचा हा सरळ, कायदेशीर रस्ता आहे. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवा द्यावा लागतो. कर भरून निर्यात करायची तर त्याची गरज नाही.

दुसरा पर्याय ईपीसीजी, म्हणजे निर्यातीच्या बदल्यात यंत्रांवर शुल्कमाफीची योजना. मशीनवर शुल्क आणि आयजीएसटी दोन्ही माफ, बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या ६ पट निर्यात ६ वर्षांत. वरच्या उदाहरणात २,७७,३५० वाचले तर १६,६४,१०० रुपयांची निर्यात. पहिल्या ४ वर्षांत त्यातली निम्मी व्हायला हवी. आधीपासून निर्यात असेल तर गेल्या ३ वर्षांची सरासरी राखून त्यावर ही. अधिकारपत्र माल यायच्या आधी हातात हवं, कस्टम्सला बाँड द्यावा लागतो आणि निर्यात पुरी झाली नाही तर शुल्क व्याजासकट भरावं लागतं. तुमचा दुबईचा ग्राहक अजून पक्का नाही आणि आयजीएसटी तसाही क्रेडिटला मिळतो, म्हणजे खरी बचत ८२,५०० ची. एवढ्यासाठी ६ वर्षांचं बंधन मी घेणार नाही. दोन-तीन मशीनं एकदम घेत असाल तर मत बदलेन.

जोडपत्र

कांदा-लसूण मसाल्याचा कोड आधी ठरवा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नुसत्या मसाल्याच्या पदार्थांचं मिश्रण, म्हणजे धणे, जिरे, मिरची, लवंग, ०९१० ९१ मध्ये जातं. नवव्या प्रकरणाची टीप १ सांगते की त्यात दुसरे पदार्थ मिसळले तरी मूळ स्वरूप मसाल्याचंच राहिलं तर वर्गीकरण बदलत नाही. नाही राहिलं तर ते तयार सीझनिंग म्हणून २१०३ मध्ये. तुमच्या मसाल्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मीठ, तेल आहे. यातलं काहीही नवव्या प्रकरणातलं नाही. मिरची आणि गरम मसाला वजनाने किती टक्के आणि बाकीचं किती, हे तक्त्यात मांडा. कांदा-लसूण-खोबरं-मीठ मिळून मोठा वाटा असेल तर माझा कल २१०३ कडे आहे. कोणताही घ्या, पण घटकांचा तक्ता फाइलला लावून ठेवा आणि दुबईच्या आयातदाराला तोच कोड कळवा. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याची सवलत घ्यायची तर डीजीएफटीच्या प्रणालीतून उगम प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर एक कोड, शिपिंग बिलावर (निर्यातीच्या घोषणापत्रावर) दुसरा असं झालं तर तिकडे सवलत नाकारतात.

मसाल्याच्या निर्यातीला स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते. मिरचीच्या मालात सुदान रंग आणि अफलाटॉक्सिन ही दोन तपासणीची ठिकाणं आहेत. मिरची नीट न वाळता साठवली की अफलाटॉक्सिन वाढतं आणि ते दळून जात नाही. दळण्याआधी मिरचीचा लॉट तपासून घ्या, तयार पाकिटं तपासून मग रडण्यात अर्थ नाही. दुबईच्या अरबी लेबलचा मसुदा आयातदाराकडून मंजूर करून घेतल्याशिवाय पाउचच्या छपाईचा सिलिंडर बनवायला टाकू नका.

सीलबंद

निर्यातीच्या शिपिंग बिलात तीन ठिकाणी पैसे अडकतात. इन्व्हॉइस नंबर शिपिंग बिलावर आणि जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) एकच हवा. मधली रेघ किंवा तिरकी रेघ वेगळी पडली तरी एसबी००५ चूक दाखवून परतावा थांबतो. दुसरं, लाइनने ईजीएम (निर्यात मालाची यादी) भरलं नाही तर माल निघालाय हेच सिस्टिमला कळत नाही, तेव्हा एसबी००२ दिसतं. जहाज सुटल्यावर आठवडाभराने आइसगेटवर बघा आणि नसेल तर फॉरवर्डरच्या मागे लागा. तिसरं, रोडटेप (निर्यात मालावरच्या करांचा परतावा देणारी योजना) हवं असेल तर ते शिपिंग बिल भरतानाच 'हो' म्हणून सांगावं लागतं. ब्रोकरने चेकलिस्ट पाठवली की त्या एका ओळीवर बोट ठेवून बघा, मगच मंजुरी द्या.

मसाला_कागल

घटकांचे टक्के काढून ठेवतो. एक शेवटचं: मशीन आल्यावर एखादा सेन्सर तातडीने लागला तर कुरिअरने मागवता येईल ना?

न्हावाशेवा_डेस्क

येईल. कुरिअर कंपनीच्या केवायसीमध्ये कंपनीचा जीएसटीआयएन आणि आयईसी आत्ताच नोंदवून ठेवा, नाहीतर ते व्यक्तीच्या नावाने बिल भरतात आणि आयजीएसटीचं क्रेडिट जातं. पुरवठादाराला 'गिफ्ट' किंवा 'सॅम्पल, किंमत १ डॉलर' लिहू देऊ नका. भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. सेन्सरचं नाव, मॉडेल, कोणत्या मशीनसाठी आणि खरी किंमत, एवढं लिहिलेलं इन्व्हॉइस पाकिटाच्या बाहेर प्लास्टिकच्या खिशात असावं. वॉरंटीत फुकट मिळाला तरी किंमत लिहायची आणि खाली 'वॉरंटीतील बदली, पैसे देणे नाही' अशी ओळ टाकायची. ब्रोकरला इन्व्हॉइसचा मसुदा दाखवायचाय तेव्हा इथे टाकलात तरी चालेल, फक्त किमती आणि नावं झाकून.